गोष्ट कोणाकडे तोंड करून सांगावी?

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी विवाहातील खर्च, विद्यार्थ्यांचे वसतिगृह, सूताचे भाव इत्यादी विषयांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे होत असतात. यंदा चिटणीसांनी आम्हांस वाङ्मयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. आम्ही पडलो जुन्या अकरावीचे मॅट्रिक. सारी हयात मुलांकडून बाराखडी गिरवून घेण्यात आणि शुद्धलेखनाच्या वह्या तांबड्या शाईने रंगविण्यात गेली. तेव्हा या विषयात आमचा अधिकार तो काय? परंतु आज्ञा मोडवेना, आणि एक गोष्ट गेली काही वर्षे मनात सलत होती ती या निमित्ताने बोलून टाकावी असेही वाटले. म्हणून उभे राहिलो आहोत.

आमची कन्या व जावई अमेरिकेत ओहायो राज्यातील क्लीव्हलंड या शहरी असतात. त्यांच्याकडे दोन हिवाळे राहण्याचा योग आम्हांस आला. तेथे बर्फ पडू लागले की म्हाताऱ्या माणसाने दिवसभर करावे काय? घराजवळ सार्वजनिक ग्रंथालय होते, तेथे ऊब असे. खरे सांगावयाचे तर प्रथम आम्ही उबेसाठी जाऊ लागलो, पुस्तके मागाहून आली. शब्दकोश उशाशी घेऊन, एका दिवसात सातआठ पाने, अशा बैलगाडीच्या गतीने आम्ही तेथील कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तके वाचली. ज्या लोकांना त्या काळी सगळे, आणि ते स्वतःही, निग्रो म्हणत असत, त्यांचीच ही पुस्तके.

इतक्या दूरच्या लोकांची कथा येथे कशास, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की हा संबंध आम्ही आज जोडलेला नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले तेव्हा ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या सत्पुरुषांस अर्पण केले. पुढे १९७२ साली मुंबईत तरुणांनी 'दलित पँथर' स्थापन केली, तिचे नावही तिकडच्या 'ब्लॅक पँथर'वरून घेतलेले. तेव्हा ते घर आपल्याला अगदीच परके नाही.

त्या लेखकांपुढे दीडशे वर्षे एकच प्रश्न निरनिराळी सोंगे घेऊन उभा राहिला आहे. पुस्तके छापणारा गोरा, विकत घेणारा बहुतांशी गोरा, परीक्षण लिहिणारा गोरा. अशा वेळी काळ्या माणसाने आपल्या माणसांची गोष्ट सांगावयाची ती खरी कशी सांगावी? आणि गिऱ्हाइकाच्या रुचीची मनधरणी कोठे सुरू होते, हे त्याने ओळखावे कसे?

आधी हा प्रश्न निर्माण कसा झाला ते पाहू. सुमारे १८३० पासून अमेरिकेत एक करमणुकीचा प्रकार निघाला. गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडास फासून रंगभूमीवर येत आणि गुलामांच्या बोलण्याची, चालण्याची, नाचण्याची विडंबने करीत. आपल्याकडे तोंड काळे करणे याचा अर्थ निराळा आहे, तेथे तो भरभराटीचा धंदा होता. गुलामगिरी संपल्यावर या रंगभूमीवर खरे काळे नटही येऊ लागले; पण प्रेक्षकांच्या डोळ्यांत काळ्या माणसाचे जे चित्र बसले होते त्यात बसावयाचे तर त्यांनाही काजळी फासावी लागे. बर्ट विल्यम्स हा त्यांतील थोर विनोदी नट. तो मूळ बहामा बेटांतला आणि वर्णाने उजळ होता. तरीही काजळीखेरीज रंगभूमीवर येण्याची त्याला सोय नव्हती. तो आणि त्याचा साथीदार जॉर्ज वॉकर यांनी आपल्या जाहिरातीत काळ्या लोकांना हिणविण्याच्या एका शब्दामागे 'खरे' हे विशेषण लावले होते. गोरे नट नकली, आम्ही अस्सल, असा त्याचा अर्थ. बंधूंनो, या जाहिरातीपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. खुशामत आणि खरेपणा ही एकमेकांच्या विरुद्ध टोकांची असतात असे आपण समजतो. येथे तर खरेपणाच दुकानात मांडलेला होता!

आता एका कवीची कथा. पॉल लॉरेन्स डनबार हा ओहायोमधील डेटन गावी १८७२ साली जन्मला. आईबाप दोघेही पूर्वीचे गुलाम. शाळेत त्याचा सोबती होता ऑर्व्हिल राइट, तोच पुढे ज्याने भावासह विमान उडविले. राइट बंधूंचा तेव्हा छापखाना होता आणि डनबारने काढलेले छोटेसे वृत्तपत्र त्यांनी छापून दिले. शाळा संपल्यावर मात्र एकाच्या वाट्यास यंत्रे आली आणि दुसऱ्याच्या वाट्यास पाळणा. म्हणजे इमारतीतील लोकांना वरखाली नेणारी लिफ्ट. आठवड्यास ४ डॉलर वेतन. आपले पहिले पुस्तक तो त्याच लिफ्टमध्ये चढणाऱ्या-उतरणाऱ्या लोकांना एकेका डॉलरला विकीत असे. डनबार दोन तऱ्हेच्या कविता लिही. काही शुद्ध ग्रांथिक इंग्रजीत, काही गुलामवस्तीच्या बोलीत. १८९६ साली विल्यम डीन हॉवेल्स या त्या काळच्या सर्वांत वजनदार टीकाकाराने त्याच्या कवितांची भरभरून स्तुती केली आणि एका रात्रीत डनबार देशभर प्रसिद्ध झाला. स्तुती होती ती मुख्यतः बोलीतल्या कवितांची. झाले! प्रकाशकांना बोली हवी, मासिकांना बोली हवी, सभांतून बोली म्हणून दाखवावी अशी फर्माइश. ज्या कवितांत त्याने आपले काळीज ओतले त्यांस कोणी विचारीना. पुढच्याच वर्षी त्याने एका मित्रास लिहिले की या टीकाकाराने माझे कायमचे नुकसान केले आहे. तेहतीस वर्षांचा असताना, १९०६ साली, तो क्षयाने वारला.

शिक्षक या नात्याने आम्हांस या कथेत एक भय वाटते. हॉवेल्स दुष्ट नव्हता. त्याने भले करावयाचे म्हणूनच पाठ थोपटली. परंतु एखाद्या मुलाच्या पाठीवर एकाच जागी थाप मारीत राहिले तर ते मूल तेवढीच जागा पुढे करू लागते. असे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत, आणि अशी थाप मारणारे शिक्षकही. त्यांत आम्ही होतो.

आणि केवळ थाप मारणारेच नव्हे. अध्यापक विद्यालयात शिकत असताना तेथील स्नेहसंमेलनात आम्ही एक नक्कल करीत असू. आपल्या आळीत मागांचा खडखडाट अहोरात्र चाले, त्यामुळे आपली माणसे मोठ्याने बोलतात, हे आपणांस ठाऊक आहे. आम्ही आमच्या चुलत्यांचे ते ओरडून बोलणे, सूताच्या व्यापाऱ्यापुढे हात जोडणे, 'ण' च्या जागी 'न' येणे, हे सारे उचलून दाखवीत असू. हशा आणि टाळ्यांनी सभागृह दणाणून जाई. आमच्या वर्गात आपल्या ज्ञातीचा आणखी एक विद्यार्थी होता. दुसऱ्या वर्षी नक्कल सुरू होताच तो उठून निघून गेला. आम्हांस तेव्हा वाटले, याला विनोद कळत नाही.

क्लीव्हलंडच्या ग्रंथालयात चार्ल्स चेस्नट याच्या गोष्टी हाती आल्या तेव्हा तो उठून गेलेला सोबती आम्हांस आठवला. चेस्नट त्याच शहरचा. १८५८ साली तेथे जन्मला आणि १९३२ साली तेथेच वारला. काही वर्षे शिक्षक व मुख्याध्यापक होता (हे वाचून आम्हांस अर्थातच बरे वाटले), पुढे न्यायालयात लघुलेखन करून त्याने संसार केला. वर्णाने इतका गोरा की न सांगता कोणास कळू नये. पण स्वतःस त्याने कृष्णवर्णीयांतच गणले. त्याच्या काळी एक ठराविक कथाप्रकार लोकप्रिय होता. म्हातारा, प्रेमळ, माजी गुलाम धन्याच्या ओसरीवर बसून गमतीच्या गोष्टी सांगतो आणि जुन्या दिवसांची आठवण काढून सुस्कारे टाकतो. जोएल चँडलर हॅरिस या गोऱ्या लेखकाचे 'अंकल रीमस'चे पुस्तक १८८० साली निघाले होते आणि घरोघर वाचले जात होते. चेस्नटने तोच साचा घेतला. तोच म्हातारा, तीच बोली, ऐकणारे तेच गोरे पतिपत्नी. १८९९ साली या गोष्टींचे पुस्तक निघाले, त्याचे नाव 'द कॉन्ज्युअर वुमन', म्हणजे चेटूक करणारी बाई.

पण साच्यातून निघाले काय? त्यांतील एकच गोष्ट सांगतो. सँडी नावाचा एक गुलाम कामाला इतका चांगला की धनी त्याला आपल्या मुलांच्या शेतांवर आळीपाळीने पाठवी. असाच तो एकदा बाहेर असताना धन्याने त्याची बायको सौद्यात देऊन टाकली आणि बदली दुसरी बाई आणली. ही दुसरी, टेनी, तिच्याशी सँडीचे मन जुळले. तिला चेटूक येत होते. सँडी म्हणाला, मला आता कोठे जावयाचे नाही. तेव्हा तिने त्याचे पाइनचे झाड केले. दिवसा झाड, रात्री कधीमधी माणूस. पुढे टेनीलाच एका आजाऱ्याच्या शुश्रूषेसाठी दूर पाठविले गेले, आणि ती नसताना धन्याने स्वयंपाकघर बांधण्यासाठी तेच झाड तोडले. टेनी परत आली तेव्हा ओंडका कापण्याच्या गिरणीत होता.

ही गोष्ट म्हातारा ज्युलियस त्या गोऱ्या पतिपत्नींना सांगतो, कारण नवे धनी त्या जुन्या लाकडाचे स्वयंपाकघर बांधण्याच्या विचारात आहेत. पती हसतो; त्याला ही चेटकाची गंमत वाटते. पत्नी मात्र क्षणभर गप्प राहते, आणि ज्या व्यवस्थेत असे घडू शकत होते तिच्याविषयी उद्गार काढते. पुढे ती जुने लाकूड वापरू देत नाही. आणि त्या पडक्या इमारतीत ज्युलियसच्या मंडळींची प्रार्थनासभा भरू लागते! म्हाताऱ्याचा स्वार्थही त्यात होताच. चेस्नटने तो लपविला नाही. गोष्ट सांगणारा साधुपुरुष आहे असे त्याने दाखविले असते तर तीही एक खुशामतच झाली असती. एकाच गोष्टीला दोन ऐकणारे देऊन त्याने वाचकास विचारले की तू यांतला कोणता?

मात्र याचे मोल त्याला द्यावे लागले. १८९८ साली नॉर्थ कॅरोलिनातील विल्मिंग्टन शहरी गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने कृष्णवर्णीयांची कत्तल केली आणि लोकांनी निवडलेला कारभार उलथून टाकला. त्यावर चेस्नटने १९०१ साली 'द मॅरो ऑफ ट्रॅडिशन' ही कादंबरी लिहिली. या वेळी ओसरी नाही, चेटूक नाही, म्हातारा नाही. पूर्वी त्याची स्तुती करणाऱ्या त्याच हॉवेल्सला ही कादंबरी फार कडवट वाटली. पुस्तक अपेक्षेइतके खपले नाही. लेखनावर जगण्यासाठी सोडलेला लघुलेखनाचा व्यवसाय चेस्नटने पुन्हा धरला. १९०५ नंतर त्याच्या हयातीत त्याची एकही कादंबरी प्रसिद्ध झाली नाही. त्याची समाधी त्या शहराच्या लेक व्ह्यू स्मशानभूमीत आहे. जावयांनी आम्हांस गाडीतून तेथे नेले. त्याच आवारात गारफिल्ड नावाच्या अध्यक्षांचे मोठे स्मारक आहे, लोक ते पाहावयास येतात.

येथवर प्रश्न सरळ आहे. गोऱ्या गिऱ्हाइकाची मनधरणी करू नये, एवढाच बोध घेऊन आम्हांस खाली बसता आले असते. पण पुढे गाठ पडली ती आपल्याच लोकांच्या मनधरणीशी, आणि तेथे आम्ही अडखळलो.

१९२० नंतर न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत कृष्णवर्णीय लेखक-कलावंतांचा मोठा बहर आला. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे त्या समाजाचे प्रकांड पंडित आणि 'द क्रायसिस' या मासिकाचे संपादक. त्यांनी १९२६ साली कलेमध्ये आपल्या लोकांचे चित्रण कसे व्हावे, याविषयी एक प्रश्नावलीच काढली. त्यांची चिंता खोटी नव्हती. प्रकाशकांना हार्लेममधील दारूचे गुत्ते, नाच आणि बदफैली हवी होती. शिकलेला, संसारी, कर भरणारा काळा माणूस कोणास नको होता. दोन वर्षांनी जमैकाहून आलेल्या क्लॉड मॅके याची 'होम टू हार्लेम' ही कादंबरी निघून धडाक्याने खपली, तेव्हा ती वाचून आपणांस स्नान करावेसे वाटले अशा आशयाचा अभिप्राय ड्यू बॉइस यांनी छापला. उलट लँग्स्टन ह्यूज या तरुण कवीने १९२६ सालीच लिहिले होते की आम्ही आमच्या मनातले निर्भयपणे लिहू आणि गोऱ्यांच्या वा आपल्याच लोकांच्या पसंतीची वाट पाहणार नाही. ड्यू बॉइस यांची बाजू आम्हांस आधी पटली. ज्ञातिसंस्थेत वावरलेल्या कोणाही माणसास ती पटेल. चार परके लोक पाहत असताना आपल्या घरातली खरकटी भांडी कशास दाखवा?

झोरा नील हर्स्टन या बाईंनी आमचे हे मत हलविले. त्या वाढल्या फ्लॉरिडातील ईटनव्हिल गावी. १८८७ साली कृष्णवर्णीयांनी स्वतःच वसविलेले, स्वतःच चालविलेले हे गाव. तेथे दुकानाच्या ओसरीवर संध्याकाळी माणसे जमत आणि एकमेकांवर कडी करीत थापा आणि गोष्टी सांगत. ऐकणारा गोरा तेथे कोणी नव्हता! हा भेद लहान नव्हे. आमचे आजोबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून धोटा फेकता फेकता गोष्टी सांगत. ऐकणारे आम्ही, कांड्या भरणाऱ्या बायका आणि शेजारचे दोघे-तिघे. तेथे आजोबांना कोणाची लाज नव्हती आणि कोणाला खूश करावयाचे नव्हते. बोली तीच, जी पुढे आम्ही सभागृहात नकलेसाठी वापरली.

हर्स्टनबाईंनी १९३७ साली 'देअर आईज वेअर वॉचिंग गॉड' ही कादंबरी लिहिली. ती एका स्त्रीच्या तीन लग्नांची कथा असून पात्रे आपल्या बोलीत बोलतात. गोऱ्यांच्या जुलुमावर भाषणे तीत नाहीत. रिचर्ड राइट या उदयोन्मुख कृष्णवर्णीय लेखकाने परीक्षणात तिला झोडपले. काजळी फासून गोऱ्यांना हसविण्याचीच ही जुनी परंपरा आहे, असा त्याचा आरोप. आरोप गंभीर होता, आणि करणारा मोठा लेखक होता. परंतु पुढे काय झाले ते पाहा. राइटची 'नेटिव्ह सन' ही कादंबरी १९४० साली एका मोठ्या ग्रंथमंडळाने निवडली, ती काही भाग गाळून. त्याच्या आत्मचरित्राचा १९४५ साली केवळ पूर्वार्ध निघाला. त्यात दक्षिणेतील छळाची हकीकत होती. उत्तरेत गेल्यावरही सुख मिळाले नाही, हे सांगणारा उत्तरार्ध त्याच मंडळाच्या इच्छेवरून बाजूस ठेवला गेला, तो त्याच्या मृत्यूनंतर १९७७ साली निघाला. दक्षिण वाईट आणि उत्तर चांगली, एवढे सत्य उत्तरेतल्या वाचकास चालत होते. म्हणजे संतापाचेही गिऱ्हाईक असते, आणि संतापही त्याच्या मापाने कापून द्यावा लागतो. राइट आणि हर्स्टनबाई दोघेही १९६० साली वारले. तो पॅरिसमध्ये, त्या फ्लॉरिडात, अत्यंत विपन्नावस्थेत. त्यांच्या थडग्यावर दगडदेखील नव्हता. ॲलिस वॉकर या लेखिकेने १९७३ साली शोध घेऊन तो बसविला.

याच बाईंची आणखी एक हकीकत आहे. अमेरिकेत गुलाम आणण्यास १८०८ पासून बंदी होती. तरीही १८६० साली 'क्लोटिल्डा' नावाच्या जहाजातून आफ्रिकेतील शंभरावर माणसे चोरून अलाबामात आणली गेली. त्यांतील ओलुआले कोसुला, ज्याला तेथे कजो लुईस म्हणत, तो १९२७ साली जिवंत होता. हर्स्टनबाई त्याच्याकडे गेल्या. पहिल्या खेपेस त्यांच्या हातून गैर झाले; जो लेख त्यांनी दिला त्यात दुसऱ्या एका पुस्तकातून बरेच उचललेले होते. पण त्या पुन्हा गेल्या. त्याच्यासाठी फळे नेली, तो बोलेल त्या दिवशी ऐकले, बोलणार नाही त्या दिवशी गप्प परतल्या. १९३१ साली हस्तलिखित सिद्ध झाले. एका प्रकाशनसंस्थेने पुस्तक घेण्याची तयारी दाखविली, अट एवढीच की म्हाताऱ्याचे बोलणे बोलीत न ठेवता प्रमाण भाषेत लिहावे. बाईंना पैशांची नड होती. त्यांनी नकार दिला. ते पुस्तक 'बराकून' या नावाने २०१८ साली छापून निघाले, सत्त्याऐंशी वर्षांनी.

हे आम्ही ग्रंथालयात वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले. त्या दिवशी पुढे काही वाचवले नाही. त्याचे कारण आता सांगितलेच पाहिजे.

बरीच वर्षे झाली. याच स्मरणिकेच्या संपादनाचे काम तेव्हा आमच्याकडे होते. जुन्या माणसांच्या आठवणी छापाव्यात असे ठरले. आळीतील एका वयोवृद्ध आत्यांकडे आम्ही वही घेऊन गेलो. त्यांनी १९७२ च्या दुष्काळाची हकीकत सांगितली. सूत मिळेना, माग बंद. ज्या घरातील बायकांनी कधी उंबरठा ओलांडला नव्हता त्या दुष्काळी कामावर खडी फोडावयास गेल्या. पहिल्या दिवशी तोंडावर पदर ओढून गेल्या, कोणी ओळखू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी पदर कमरेला खोचला. हाताला फोड आले, मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या, सुकडी पदरात बांधून आणली. "लाज पोटाच्या मागं चालती रं, म्होरं न्हाई," असे त्या म्हणाल्या. आम्ही सारे उतरून घेतले. घरी येऊन 'संस्कार' केले. बोली काढून शुद्ध मराठी घातली. खडी फोडण्याचा मजकूर गाळला. स्मरणिका परज्ञातीच्या पाहुण्यांच्याही हाती जाते, सोयरिकी जमविताना लोक ती चाळतात, आपल्या घराण्यांतील स्त्रिया रस्त्यावर गेल्या हे छापील कशास असावे? त्या जागी, कठीण काळी गृहिणींनी धीराने संसार सावरला, असे एक वाक्य घातले. वाक्य चांगले होते. अंक निघाल्यावर आम्ही मुद्दाम जाऊन आत्यांना लेख वाचून दाखविला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाल्या, "झ्याक लिवलंय, मास्तर. कुनाचं हाय हे?"

आम्ही त्या वेळी हसलो. म्हातारपणामुळे विसरल्या असतील असे वाटले. त्या पुढे दोन वर्षांनी निवर्तल्या. आमची वही छापखान्यात गेली ती परत आली नाही.

आता पुन्हा विषयाकडे वळतो, कारण लोकप्रिय कादंबऱ्यांची बाजू राहिली आहे. पैशासाठी लिहिलेले ते सारे खुशामतीचे, असा एक समज सोवळ्या मंडळींत आहे. तो खरा नाही. चेस्टर हाइम्स हा ओहायोत तुरुंगवास भोगलेला लेखक. गंभीर कादंबऱ्यांवर पोट भरेना तेव्हा तो फ्रान्सला गेला आणि तेथील एका संपादकाच्या आग्रहावरून हार्लेममधील दोन काळ्या गुप्तहेरांच्या रहस्यकथा लिहू लागला. पैशासाठी लिहिल्या, परक्या देशातील वाचकांसाठी लिहिल्या. पहिल्याच कथेस १९५८ साली तेथील मोठे पारितोषिक मिळाले. त्या कथांतले हार्लेम भडक आहे, अतिरंजित आहे, पण त्यातील माणसे गयावया करीत नाहीत. उलट लॉस एंजेलिसच्या एका गोऱ्या प्रकाशकाने १९६० नंतरच्या काळात रस्त्यावरच्या गुन्हेगारी जीवनाच्या स्वस्त कादंबऱ्या काढल्या, त्या काळ्या वस्त्यांतूनच खपल्या. त्यांत डोनाल्ड गॉइन्स हा एक लेखक होता. थोड्याच वर्षांत त्याने सोळा कादंबऱ्या लिहिल्या आणि १९७४ साली त्याचा खून झाला. त्याची पुस्तके तुरुंगांत आणि केशकर्तनालयांत हातोहात फिरली. आता यांत खरे कोण आणि खुशामत कोणाची? आपलाच माणूस, आपलेच वाचक, धनी मात्र परका. आम्ही यावर बराच विचार केला. निकाल देण्याइतका धीर झाला नाही.

अलीकडच्या काळात पर्सिव्हल एव्हरेट या प्राध्यापक-कादंबरीकाराने हाच प्रश्न मोठ्या खोडकरपणे मांडला आहे. त्याच्या २००१ सालच्या 'इरेझर' या कादंबरीचा नायक ग्रीक पुराणांवर आधारलेली विद्वत्तापूर्ण पुस्तके लिहिणारा काळा लेखक आहे. प्रकाशक म्हणतात, तुझे लेखन पुरेसे 'काळे' नाही. संतापून तो टोपणनावाने शिव्या, बंदुका आणि दारिद्र्य यांनी भरलेले एक पुस्तक केवळ थट्टा म्हणून लिहितो. ते लोकांना अस्सल वाटते! लाखोंची रक्कम येते. पुढे एका पारितोषिकाच्या परीक्षक मंडळात तो स्वतः असताना त्या पुस्तकासच पारितोषिक मिळते. या कादंबरीवर २०२३ साली 'अमेरिकन फिक्शन' हा चित्रपट निघाला आणि पुढच्या वर्षी त्याच्या पटकथेस ऑस्कर मिळाले. आमच्या नातवाने तो आम्हांस दाखविला. सारे हसत होते. आम्हांस बर्ट विल्यम्सची ती जाहिरात दिसत होती.

त्याच एव्हरेटच्या २०२४ सालच्या 'जेम्स' या कादंबरीस पुढील वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. मार्क ट्वेनच्या हकलबेरी फिनच्या कथेतील जिम हा गुलाम येथे स्वतः गोष्ट सांगतो. एव्हरेटची कल्पना अशी की गुलाम आपापसांत उत्तम प्रमाण इंग्रजी बोलतात, आणि गोरा माणूस जवळ आला की मोडकीतोडकी बोली तोंडात घेतात. जेम्स मुलांना ती चुकीची भाषा पाठ करवून शिकवितो, कारण त्यावर जीव अवलंबून आहे. हा भाषेचा तास वाचताना आमच्यासारख्या मास्तराच्या अंगावर काटा आला. हर्स्टनबाईंच्या हातात जी बोली म्हाताऱ्याचा चेहरा होती तीच येथे मुखवटा आहे. बोली ठेवली म्हणजे खरेपणा आला आणि काढली म्हणजे गेला, असे सोपे माप त्यामुळे आमच्या हातून निसटले. डनबारला बोलीत डांबले गेले. कोसुलाची बोली पुसा असे सांगितले गेले. फर्मान उलटसुलट असले तरी दोन्ही वेळा ते ज्याची गोष्ट होती त्याला विचारून निघालेले नव्हते.

आत्यांना आम्ही विचारले नव्हते. वाचून दाखविले, ते छापून झाल्यावर.

चिटणीस घड्याळाकडे पाहत आहेत, तेव्हा आवरते घेतो. यंदाच्या स्मरणिकेत संपादक मंडळाने आमच्या विनंतीस मान देऊन एक कथन घेतले आहे. यंत्रमाग आल्यावर हातमाग मोडून जळणाला घातला, त्या दिवसाची ती हकीकत आहे. सांगणारे ज्ञातिबंधू या सभेत पुढच्याच रांगेत बसले आहेत. मजकूर छापावयास देण्यापूर्वी दोनदा त्यांना वाचून दाखविला. त्यांनी तीन ठिकाणी बदल सुचविले, ते केले. आम्ही सुचविलेला एक बदल त्यांनी नाकारला, तो केला नाही. सावकाराचे नाव तेवढे त्यांच्याच इच्छेवरून गाळले आहे. त्या पानांवर 'पाणी' च्या जागी 'पानी' आणि 'नाही' च्या जागी 'न्हाई' आढळेल. वाचकांनी ते मुद्रणदोष समजून शुद्धिपत्रासाठी कार्यालयास पत्रे पाठवू नयेत, ही विनंती.